सहा वर्षांच्या आधी सहा रात्री

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वाळवा तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, एमबीबीएस झालंय, इंटर्नशिपचे सहा महिने उरलेत आणि न्यूरोसर्जरी करायची आहे. विचारलंय ते असं: थेट सहा वर्षांचा कोर्स घ्यावा की आधी एमएस (जनरल सर्जरीची पदव्युत्तर पदवी) करून मग एमसीएच (त्यावरची सुपरस्पेशालिटी पदवी)? एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयात रेसिडेन्सीसाठी (रुग्णालयात काम करत शिकण्यासाठी) अर्ज करताना त्यात काय दाखवलं म्हणजे निवड होते? जर्मनीला जावं का? वडील विचारतात की पोरगी कमवायला कधी लागणार, आई विचारते की लग्नाचं काय. आणि शेवटी, लूप (शस्त्रक्रियेला घालायचा भिंगांचा चष्मा) कोणती घ्यावी.

मी सांगली-मिरजेत बावीस वर्षं न्यूरोसर्जरी करतोय. एमएस सरकारी कॉलेजातून, एमसीएच मुंबईत. त्यामुळे जे लिहितोय ते माझ्या चष्म्यातून आहे. दिल्लीतल्या किंवा परदेशातल्या माणसाचं उत्तर वेगळं येईल.

आधी अर्जाबद्दल. आपल्याकडे 'अर्जात काय दाखवावं' हा प्रश्नच जवळपास उद्भवत नाही. नीट-पीजीचा (पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा) रँक, कौन्सेलिंग, समोर आलेली सीट, एवढाच तो अर्ज. तुम्ही शाळेत असल्यापासून मेंदूची चित्रं काढत होता, पेपर छापलेत, सुट्टीत न्यूरोच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उभ्या राहिलात, हे कुणीही विचारत नाही. पुढे एमसीएचसाठी नीट-एसएस द्याल तेव्हा तर गंमतच आहे. दीडशे प्रश्न, आणि सध्याच्या पद्धतीत सर्जिकल गटाचे सगळे प्रश्न जनरल सर्जरीचे. मेंदू उघडायला निघालेल्या माणसाची परीक्षा हर्निया, थायरॉइड आणि स्वादुपिंडावर होते. एम्ससारख्या संस्थांच्या सुपरस्पेशालिटीच्या परीक्षेत दुसऱ्या टप्प्याला विभागातली मंडळी समोर बसवून तपासतात, तेवढाच अपवाद.

अमेरिकेत याच्या उलट. तिथली न्यूरोसर्जरीची रेसिडेन्सी सात वर्षांची. अर्जदार मुलं शेवटच्या वर्षात महिना-महिना त्या त्या विभागात राबतात, तिथले सर्जन शिफारसपत्र लिहितात, मुलाखती होतात, आणि मग दोन्ही बाजू एकमेकांना क्रम लावतात. म्हणजे हा मुलगा रात्री तीन वाजता कसा वागतो हे पाहूनच त्याला घेतात. आपल्याकडे ते कुणी पाहत नाही. दारावर कुणी अडवत नाही, म्हणून आत गेल्यावर दीड वर्षानं सोडून जाणारे निघतात. माझ्या वेळी आमच्या बॅचमधला एक गेला. हुशारीत तो माझ्या पुढं होता.

तेव्हा माझ्या मते तुमचा खरा प्रश्न 'मला घेतील का' हा नाहीच. रँक आला तर घेतील. हे काम आपल्याला झेपेल का, ही तपासणी दुसरं कुणी करणार नसेल तर ती आपली आपण कशी करायची, हा खरा प्रश्न आहे. कोर्स कोणता, कॉलेज कोणतं, हे सगळं त्यानंतर.

ही तपासणी मी सगळ्यांना एकाच प्रकारे करायला सांगतो. ऊस हंगामात, म्हणजे कारखाने सुरू झाले की, मिरज-सांगली-कराड पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) सहा रात्री काढा. सलग नकोत, पण सहा. इंटर्न आहात, तेव्हा परवानगी मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही. उलट ड्युटीवरचा रेसिडेंट खूश होईल, सलाईन लावायला माणूस मिळाला म्हणून.

हंगामातच का, तर रस्ते तुम्हाला माहीत आहेत. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाच्या मोळ्या बाहेर आलेल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि मागून हेल्मेट न घातलेला दुचाकीवाला. गेल्या हंगामातली एक रात्र सांगतो. आष्ट्याकडून एक चोवीस वर्षांचा मुलगा आणला. ट्रॉलीवर मागून धडकलेला, उजव्या कानाच्या वर सूज. आला तेव्हा चांगला बोलत होता. "मला काय झालं नाय, गाडी कुठंय माझी?" एवढंच धरून बसला होता. नर्सवर चिडला, सलाईन काढून टाकत होता. स्कॅनला न्यायला स्ट्रेचर येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात तो शांत झाला. त्याच्या भावानं निःश्वास टाकला, "झोपला बघा आता." इंटर्नलाही बरं वाटलं. मी जवळ गेलो तर तो घोरत होता. पापणी वर करून टॉर्च मारला. डावी बाहुली आकसली, उजवी तशीच मोठी.

पुढचा अर्धा तास लोकांना सिनेमासारखा वाटतो, म्हणून तेवढाच सांगितला जातो. स्कॅनमध्ये कवटीला आतून चिकटलेला, भिंगाच्या आकाराचा पांढरा डाग. कानाच्या वरचं हाड पातळ असतं, ते तडकलं की आतून जाणारी मिडल मेनिंजियल धमनी फाटते आणि हाड आणि मेंदूचं वेष्टण यांच्यामध्ये रक्त साचत जातं. हेच ते एक्स्ट्राड्युरल. मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवणारं औषध) चालू करून थेट ओटीत. केस भादरले, कातडी उघडली, हाडाला भोक पाडलं, आणि त्या भोकातून काळपट जांभळी गाठ आपोआप वर येऊ लागली, पिकलेलं जांभूळ दाबल्यावर गर यावा तशी. हाडाचा तुकडा काढला, गाठ धुतली, धमनी बायपोलरनं (विजेवरच्या चिमट्यानं) बंद केली. आत दबलेलं वेष्टण आधी निपचित होतं, मग हळूहळू वर आलं आणि ठोक्याबरोबर हलायला लागलं. बाहुली टेबलावरच लहान झाली. तिसऱ्या दिवशी तो मुलगा आईला म्हणाला, इथला चहा पांचट आहे.

हे पाहून न्यूरोसर्जरी घेऊ नका. म्हणजे घ्या, पण फक्त हे पाहून नको. कारण त्याच रात्री पलीकडच्या बेडवर दुसरा मुलगा होता, साधारण त्याच वयाचा. त्याचा स्कॅन जवळजवळ स्वच्छ. काढायला गाठ नाही, उघडायला जागा नाही, आणि डोळे उघडत नाहीत. आतले तंतू पिळवटून तुटलेले. अशा पेशंटला तुम्ही काय करता? व्हेंटिलेटर, ट्यूब, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात छिद्र), पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, आणि रोज सकाळी बाहेर येऊन त्याच्या आईला तेच सांगणं जे काल सांगितलं होतं. ती एकच विचारते, "शुद्धीवर कधी येईल?" चार महिन्यांनी तो घरी गेला. गळ्यात नळी, नाकात नळी. सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) कसं करायचं ते आईला नर्सनं शिकवलं होतं. ती ते आमच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटपेक्षा हलक्या हातानं करायची.

सहा रात्री काढल्यात तर पहिल्यासारखा पेशंट तुम्हाला एखादवेळी दिसेल, दुसऱ्यासारखे जास्त. सातव्या दिवशी स्वतःला विचारा की दुसऱ्याच्या आईसमोर रोज उभं राहायला जमेल का. 'आवडेल का' असं म्हणत नाही मी, आवडत कुणालाच नाही. जमेल का, एवढंच. उत्तर 'हो' आलं तर पुढं वाचा. 'नाही' आलं तरी काही बिघडत नाही. ऑर्थो, ईएनटी, प्लास्टिक, कितीतरी चांगल्या शाखा आहेत आणि त्यातले माझे मित्र रात्री झोपतात.

आता कोर्सबद्दल. वाटा मुळात दोन. एक, एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षं. यात एम्स दिल्ली, निमहान्स, पीजीआय चंदीगड अशा संस्थांचं एमसीएच येतं, त्यासाठी आयएनआय-सीईटी द्यावी लागते, ती वर्षातून दोनदा होते. आणि राष्ट्रीय बोर्डाचं सहा वर्षांचं डीआरएनबी, ते नीट-पीजीच्या रँकवर. दुसरी वाट जुनी: तीन वर्षं एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी, मग नीट-एसएस, मग तीन वर्षं एमसीएच किंवा डीआरएनबी. एमसीएचची कौन्सेलिंग देशपातळीवर होते, त्यामुळे मिरजेत एमएस केलं तरी पुढची सीट केरळात लागू शकते.

कागदावर दोन्ही सहाच वर्षं दिसतात. प्रत्यक्षात नाहीत. एमएस संपलं की एसएसची तयारी, निकाल, कौन्सेलिंग, मधे सरकारी बंधपत्राची सेवा. सरकारी सीट असेल तर आपल्या राज्यात प्रत्येक टप्प्यानंतर एक वर्षाची सेवा आहे, आणि ती न केल्यास भरायची रक्कम एमबीबीएसला दहा लाखांपासून सुपरस्पेशालिटीला दोन कोटींपर्यंत चढत जाते. नियम बदलत राहतात, ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, सिनिअरनं सांगितलं म्हणून धरून चालू नका. या सगळ्याची बेरीज केली तर थेट वाटेनं तुम्ही तिशीच्या आसपास न्यूरोसर्जन होता, जुन्या वाटेनं तेहेतीस-चौतीस.

मग सरळ थेट वाट घ्यावी असं वाटेल. एक गोष्ट लक्षात घ्या. थेट कोर्स तिसऱ्या वर्षी सोडला तर हातात काहीच पदवी नसते. एमएसवाला एमसीएचला लागला नाही, किंवा त्याचं मन फिरलं, तरी तो विट्यात किंवा इस्लामपुरात सर्जन म्हणून उद्या सकाळी पाटी लावू शकतो. ज्याच्या घरी एकाच्या शिक्षणावर सगळं लावलेलं आहे, त्याच्यासाठी हा फरक लहान नाही. माझ्या वडिलांनी तासगावला द्राक्षबाग लावली होती. दावण्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आला की वर्ष हातचं जातं हे मी घरात पाहिलेलं. मी एमएसची वाट घेतली त्याचं कारण निम्मं हेच होतं.

दुसरं निम्मं मला नंतर कळलं. रस्त्यावरच्या अपघातात डोकं एकटं फुटत नाही. प्लीहा फाटलेली असते, छातीत रक्त असतं. जनरल सर्जरी केलेल्या माणसाचा हात पोटावर पडला की त्याला कळतं, रक्तदाब मेंदूमुळं खाली गेलेला नाही, दुसरीकडं शोध. डोक्यात पाणी साचलेल्या लेकरांना शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) टाकतो त्याचं खालचं टोक पोटातच जातं. फुगलेल्या मेंदूला जागा म्हणून कवटीचा तुकडा काढला की आम्ही तो बऱ्याचदा पोटाच्या कातडीखाली चरबीत ठेवतो आणि काही महिन्यांनी परत बसवतो. नातेवाईकांना हे सांगितलं की ते आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पोटाकडे. ही कामं थेट कोर्सवालाही शिकतो, नाही असं नाही, त्यांनाही सुरुवातीला सर्जरीत फिरवतात. पण तीन वर्षं रोज करणं वेगळं. उलट बाजूही आहे: थेट कोर्सवाला मायक्रोस्कोपखाली माझ्यापेक्षा कितीतरी आधी बसतो, आणि हाताला लहान वयात वळण लागतं ते चांगलं लागतं.

माझा कौल सांगतो. सहा रात्रींनंतर शंका उरली नसेल आणि चांगल्या संस्थेत थेट सीट मिळत असेल तर घ्या. शंका असेल, किंवा थेट सीट कुठल्यातरी अनोळखी, पेशंट कमी असलेल्या ठिकाणी मिळत असेल, तर एमएस घ्या आणि तेही जिथं इमर्जन्सी भरपूर येतात तिथं. रँक हातात यायच्या आधी यावर झोप उडवू नका. अर्धा निर्णय रँकच करतो.

संस्था निवडताना मात्र तुमच्या हातात बरंच काही आहे आणि तिथंच मुलं आळस करतात. इमारत बघतात, हॉस्टेल बघतात, विभागप्रमुखांचं नाव बघतात. विभागप्रमुखांना भेटून काही कळत नाही, ते चांगलंच बोलणार. दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला कॅन्टीनमध्ये गाठा, त्याच्या चहाचे पैसे तुम्ही द्या, आणि विचारा: शेवटचं एक्स्ट्राड्युरल कुणी केलं? तेव्हा सर कुठं होते? 'मी केलं, सर शेजारी उभे होते' हे सर्वांत चांगलं उत्तर. 'सरांनी केलं' याचा अर्थ तुम्ही सहा वर्षं रिट्रॅक्टर (जखम उघडी ठेवायचं हत्यार) धरणार. आणि 'मी केलं, सर घरी होते' हे ऐकायला मर्दुमकीचं वाटतं, पण त्यापासून लांब राहा. तिथं तुम्ही चुका शिकाल आणि त्या चुका आहेत हे सांगायला कुणी नसेल. मग विचारा, मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या भिंगातून आठवड्यात किती तास बघायला मिळतं. गेल्या पाच वर्षांत किती जण सोडून गेले. आजारी पडला तर ड्युटी कोण करतं. शेवटच्या प्रश्नाला तो हसला तर समजून जा.

गर्दीचं सरकारी किंवा महापालिकेचं रुग्णालय म्हणून नाक मुरडू नका. मानेचे पहिले दोन मणके सरकले की ते प्लेट आणि स्क्रूनं जोडायची जी पद्धत आज जगभर वापरतात, ती मुंबईच्या केईएममधून डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी १९९४ मध्ये मांडली. जमिनीवर गाद्या टाकलेल्या वॉर्डात तसं काम होऊ शकतं.

आता माझी एक गोष्ट, जी मी रेसिडेंट मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो. एमसीएचच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक सत्तरीचे आजोबा होते. क्रॉनिक सबड्युरल. म्हाताऱ्या माणसांत साध्या धक्क्यानंही आठवड्यांनी मेंदूवर जुनं रक्त साचतं, इंजिनचं जळकं तेल असतं तसं काळं. दोन भोकं पाडून धुवायचं, न्यूरोसर्जरीतलं अगदी पहिलं ऑपरेशन. छान झालं. रात्री तीनच्या राऊंडला मी गेलो तर आजोबा शांत झोपलेले. दिवसभर दमलेले, उठवून काय करायचं, म्हणून मी चार्टवर 'तसेच' असं लिहिलं आणि पुढं गेलो. सकाळी सहाला ते उठेनात. आत पुन्हा रक्त साचलं होतं. परत ओटीत नेलं, वाचले, पण उजवा हात परत आला नाही. ज्या हातानं त्यांनी आदल्या दिवशी मला नमस्कार केला होता तो.

सर ओरडले नाहीत. मुलाला तूच सांग, एवढंच म्हणाले. मी त्याला सांगितलं की रात्री मी तुमच्या वडिलांना उठवून बघायला हवं होतं, बघितलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "दुपारी पेज द्यायची का त्यांना?" बावीस वर्षं झाली इथं येऊन, त्याआधीची ही गोष्ट, पण आजही राऊंडला माझ्या पेशंटना उठवतो. शिव्या खातो. डोळे उघडा, नाव सांगा, दोन्ही हात वर करा. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी शुद्ध मोजायची जी मोजपट्टी दिली, आजच्या रूपात डोळ्यांचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६, मिळून १५, ती झोपलेल्या माणसाला न उठवता लिहिता येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे आणि सगळी न्यूरोसर्जरी तिच्यावर उभी आहे.

यावरूनच जर्मनीकडे येतो. तिथं न्यूरोसर्जरीचं तज्ज्ञ प्रशिक्षण सहा वर्षांचं, ७२ महिने. तिथं खरंच अर्ज लागतो, विभागप्रमुखाला थेट, आणि बहुधा आधी काही दिवस विभागात येऊन बसायला सांगतात. तिथं तुमची आवड, तुमचं वागणं, तुमचं शिफारसपत्र यांना किंमत आहे. वैद्यकीय भाषेची परीक्षा आणि परवाना हे अडथळे मेहनतीनं पार होतात, आपली बरीच मुलं जातात. पण मेडिसिन किंवा भूलशास्त्रापेक्षा न्यूरोसर्जरीची जागा मिळणं तिथंही अवघड, आणि भाषा ही नुसती कागदाची अट नाही. पेशंट गोंधळलेला बोलतोय की त्याची बोलीच तशी आहे, हे ओळखता आलं पाहिजे. मी इथं आलो तेव्हा जतच्या पूर्व भागातली आणि अथणीकडची म्हातारी माणसं यायची, निव्वळ कानडी बोलणारी. पहिल्या महिन्यात एका आजीला मी 'असंबद्ध बोलतात' म्हणून लिहिलं. त्यांची सून म्हणाली, डॉक्टर, त्या म्हणतायत की चष्मा कुठं ठेवला माझा. मग मी वॉर्डातल्या मावशींकडून कानडी शिकलो. 'कण्ण तेगीरी', डोळे उघडा. 'कै एत्तरी', हात वर करा. एवढं तरी. जर्मनीत रात्री तीनला बव्हेरियाच्या खेड्यातला आजोबा समोर असेल. जायचं तर जा, मी अडवत नाही, पण दीड-दोन वर्षं आधी भाषेला द्यावी लागतील हे धरून हिशेब करा.

अमेरिकेचं एका वाक्यात: बाहेरच्या देशातल्या पदवीधरांना न्यूरोसर्जरीत फार थोड्या जागा मिळतात, आणि ज्यांना मिळतात त्यांतले बरेच आधी काही वर्षं तिथल्या विद्यापीठात संशोधन करून आलेले असतात. घरचा पाठिंबा आणि पैसा दोन्ही असेल तरच त्या वाटेला जा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: आधी सहा रात्री, मग रँक, मग सीटप्रमाणे वाट, आणि सीट घेण्याआधी कॅन्टीनमधला चहा.

वडिलांना काय सांगायचं? शेतकरी आहेत, तर त्यांना सांगा की ही उसाची आडसाली लागण आहे, सुरूची नाही. त्यांना लगेच कळेल. रान जास्त दिवस अडकून राहणार. पण हेही सांगा की या सहा वर्षांत तुम्हाला विद्यावेतन मिळतं, घरून पैसे मागवायची वेळ सहसा येत नाही. ही गोष्ट सरकारी सीटची. खासगी अभिमत विद्यापीठातली भरमसाठ फी भरून सीट घ्यायचा विचार चालू असेल तर तो माझ्या मते करू नका. जमीन विकून न्यूरोसर्जन झालेला माणूस पहिल्या दिवसापासून पैसे वसूल करायच्या मागं लागतो. मग ज्या मणक्याला नुसती विश्रांती पुरली असती त्याला स्क्रू लागतात. कडू वाटेल, पण पाहिलंय म्हणून लिहितोय.

आईच्या प्रश्नावर मी पुरुष असून काय बोलणार, तरी दोन गोष्टी. मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ साली न्यूरोसर्जरीत एमसीएच केलं, तेव्हा अख्ख्या जगात या शाखेतल्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज तुम्ही एकट्या नसाल. माझ्या एका सहकारी बाईंचं लग्न एमएसच्या दुसऱ्या वर्षी झालं, मूल एमसीएचनंतर. दुसरीनं कोर्समध्येच मूल होऊ दिलं, रजा मिळाली, कोर्स तेवढा लांबला. दोघी आज उत्तम काम करतात. दोघींचं म्हणणं एकच: शाखा कोणती यापेक्षा सासर-नवरा कोण यावर जास्त अवलंबून आहे. लग्न ठरवताना मुलाला एक रात्र कॅज्युअल्टीत बसवा, असं त्यातली एक म्हणते. गमतीनं म्हणते, पण मला ते पटतं. बाकी एक व्यवहाराची गोष्ट: मणक्याच्या ऑपरेशनला सी-आर्मचा एक्स-रे चालू असतो, तेव्हा लेड अ‍ॅप्रन आणि मानेची पट्टी घातल्याशिवाय उभं राहू नका. सिनिअर घालत नसले तरी तुम्ही घाला.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. परत सांगलीकडे यायचा विचार असेल तर काय काम असतं? लोकांना वाटतं ट्यूमर आणि अ‍ॅन्युरिझम (मेंदूतल्या धमनीला आलेला फुगा). ते येतात, पण माझं अर्ध्याहून जास्त काम मणक्याचं आहे, मग अपघात, मग मेंदूतला रक्तस्राव. लकवा आलेला माणूसही माझ्याकडं येतो, त्याला बऱ्याचदा न्यूरोफिजिशियनकडं पाठवावं लागतं. 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणूनही आणतात, त्यांना मानसोपचाराकडं. ओपीडीतला बराच वेळ 'तुम्हाला ऑपरेशन नको' हे समजावण्यात जातो, आणि ते समजावायला ऑपरेशनपेक्षा जास्त वेळ लागतो.

आता लूप. आत्ता घेऊ नका. चांगली लूप तुमच्या डोळ्यांतलं अंतर आणि वाकण्याची सवय मोजून बनवतात, आणि तुमची वाकण्याची सवय अजून ठरलेलीच नाही. ते पैसे ठेवा. त्याऐवजी कॉलेजच्या स्किल्स लॅबमध्ये मायक्रोस्कोप असेल तर वेळ मागा, आणि बाजारातून कोंबडीचे पंख आणा. त्यातली धमनी साधारण एक मिलिमीटरची असते. ती कापून दहा-शून्य नायलॉननं (केसाहून बारीक धाग्यानं) परत जोडा. मग पाणी सोडून बघा, गळतं का. पहिल्या वीस वेळा गळेलच.

ते मिळत नसेल तर द्राक्षं आहेतच. माणिक चमन घ्या, पातळ सालीचं. ब्लेडनं नुसती साल चिरा, गराला धक्का न लावता, आणि बारीक दोऱ्यानं तीन टाके घाला. रस आला की तो मणी बाद. आमच्या बागेतली मी अशी किती वाया घालवली याचा हिशेब वडिलांनी कधी मागितला नाही. आई मात्र म्हणायची, टाके घातलेली निदान वेगळी ठेव, पाहुण्यांना देऊ नको.